मूर्तीला घाम आला तो हिवाळा

प्राध्यापक दर गुरुवारी दुपारी आमच्या कचेरीत येत. सायकल जिन्याखाली लावत, पँटला लावलेली क्लिप काढून खिशात टाकत आणि वर येऊन रविवारच्या पुरवणीचा मजकूर माझ्या टेबलावर ठेवत. मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. पुरवणीचे काम जादा म्हणून माझ्याकडे आले होते. त्यांचे सदर विज्ञानाचे होते. मजकूर दिलेल्या जागेत बरोबर बसे. काही कापावे लागले तर ते स्वतः कापत, आणि कापलेला शब्द बहुधा विशेषण असे.

वाद होई तो शीर्षकावरून. एकदा मी 'विज्ञान म्हणते' असे शीर्षक दिले होते.

"विज्ञान काही म्हणत नाही हो," ते म्हणाले. "माणसं म्हणतात. मग दुसरी माणसं तपासतात. तेवढं एक शीर्षक नको."

त्यांचे गाव सायखेडा. धर्मांतर झाले तेव्हा ते शाळेत होते. वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले, त्या वेळी नदीपर्यंत तेही बरोबर गेले होते. परत येताना वडील म्हणाले होते, "आता काही चुकलं तर दोष द्यायला वर कोणी नाही." हे वाक्य प्राध्यापकांनी मला दोनदा सांगितले, दोन्ही वेळा कोणतेही भाष्य न करता.

पुढचे शिक्षण नाशिकच्या वसतिगृहात राहून, मग पुण्यात. तिथून ते मुंबईला एका संशोधन संस्थेत गेले. कमी तापमानात धातूंमधून उष्णता कशी वाहते, हा त्यांचा विषय. त्यावर डॉक्टरेट मिळाली. संस्थेत कायमची जागा मिळणार होती, परदेशी जाण्याची संधीही होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते दोन्ही सोडून नाशिकला आले आणि एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. असे का केले, हे पुष्कळांनी विचारले. उत्तर ठरलेले होते: "मुंबईत माझ्या कामाचं काय झालं हे कळायला दहा वर्षं लागायची. इथे रविवारी सकाळीच कळतं."

रविवारी सकाळी म्हणजे विहारात. ते राहत त्या कॉलनीत एक छोटे बुद्धविहार होते. लांबट खोली, वर स्लॅब, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, समोर फरशीचा ओटा आणि पायऱ्या. रविवारी वंदना झाली की लोक उठत नसत. प्राध्यापकांचा तास सुरू होई. तासाला नाव नव्हते, विषय ठरलेला नव्हता. नियम एकच होता: ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असाच प्रश्न विचारायचा. दुसऱ्याला अडचणीत आणण्यासाठी विचारलेला प्रश्न ते हसून परत करत. कारकून, कारखान्यातले कामगार, शिक्षक, स्वयंपाक उरकून आलेल्या बायका असे सगळे बसत. दही का लागते, उपग्रह खाली का पडत नाही, मेल्यावर जाणीव कुठे जाते. हे तिन्ही प्रश्न मी एकाच सकाळी ऐकले आहेत. पहिल्या दोहोंना त्यांनी उत्तर दिले. तिसऱ्याला म्हणाले, "मला माहीत नाही. बुद्धांनी हा प्रश्न बाजूला ठेवला होता. मलाही सध्या तेच जमण्यासारखं आहे."

धर्म आणि विज्ञान या विषयावर त्यांना जिल्हाभर व्याख्यानाला बोलावणे येई. चांदवडला, नांदगावला मी त्यांच्याबरोबर एसटीने गेलो आहे. बोलावणाऱ्यांची बहुतेक एकच अपेक्षा असे: आपला धर्म वैज्ञानिक आहे, अणूचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता, असे एका डॉक्टरेट झालेल्या माणसाने व्यासपीठावरून सांगावे. ते सांगत नसत. नांदगावच्या सभेत एका तरुणाने तसा आग्रह धरला. प्राध्यापक म्हणाले, "बुद्धांना अणू ठाऊक होता असं म्हणालो, तर मी त्यांना माझ्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नेमल्यासारखं होईल. त्यांचं काम त्याहून मोठं आहे." सभा हसली. तरुण हसला नाही. नंतर स्टँडपर्यंत चालत आला आणि गाडी सुटेपर्यंत वाद घालत राहिला. परतीच्या प्रवासात प्राध्यापक खुशीत होते.

महाविद्यालयात गणित उलटे होते. तिथले काही सहकारी धर्माचे नाव काढले की खांदे उडवत. त्यांना हा माणूस रोज सकाळी मेणबत्ती लावून पंचशील म्हणतो याचे नवल वाटे. "इलेक्ट्रॉन खोटं बोलत नाही, त्याला शील लागत नाही. मला लागतं," असे ते सांगत. दोन्ही बाजूंना हा माणूस अर्धाच आपला वाटे. त्यांना त्याचा त्रास झालेला मी पाहिला नाही.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठे सूर्यग्रहण झाले. नाशिकला ते खंडग्रास होते, तरी रस्ते ओस पडले होते. प्राध्यापक गोदाघाटावर पुठ्ठ्याला भोक पाडून बसले आणि खालच्या कागदावर पडलेली सूर्याची कोर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. ग्रहण सुटल्यावर स्नानाला आलेल्या लोकांना ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. "पाणी गार आहे, जपून उतरा," एवढेच एका म्हाताऱ्या बाईंना म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी पंचवटीतल्या एका घरात तसबिरीतून अंगारा झडू लागला. गर्दी झाली. तेव्हा मात्र त्यांनी सदर लिहिले. अॅल्युमिनियमच्या चौकटीला एक विशिष्ट रसायन चोळले की पांढरी भुकटी झडते, हे त्यांनी सोप्या भाषेत सांगितले आणि महाविद्यालयात करून दाखवले. घराचे नाव लिहिले नाही. गर्दी आठवडाभरात संपली. काही निनावी पत्रे आमच्याकडे आली. त्यांत त्यांच्या जातीचा उल्लेख होता. ती त्यांनी वाचली आणि परत माझ्याकडे दिली.

त्याच वर्षी दसऱ्याला विहारात नवी मूर्ती बसली. जुनी प्लास्टरची होती. नवी पितळेची, भरीव, बसलेल्या माणसाच्या उंचीची. कॉलनीने वर्गणी करून घडवून आणली होती. थंडी पडली आणि एका रविवारी, वंदना चालू असताना, पुढे बसलेल्या एका बाईला मूर्तीच्या कपाळावर पाण्याचे थेंब दिसले. मग खांद्यांवर, मग हातांवर. दुपारपर्यंत ते सुकले. पुढच्या रविवारी पुन्हा आले.

कोणी घाम म्हटले, कोणी करुणा. बातमी कॉलनीबाहेर गेली. वंदना आता रोज सकाळी होऊ लागली. गावातल्या रविवार कारंजा, पंचवटी, भद्रकाली या वस्त्यांतून लोक येऊ लागले. माणसे वाढली तसे थेंबही वाढले. श्रद्धा वाढली म्हणून थेंब वाढले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

त्या काळात दोन गुरुवार प्राध्यापक कचेरीत आले. एकदा साखरेच्या स्फटिकांवर लिहून दिले, एकदा होकायंत्रावर. मूर्तीबद्दल ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. मात्र संपादकांनी मला विचारले, तेव्हा मी प्रतिक्रिया घेण्यासाठी महाविद्यालयात गेलो. शिक्षकांच्या खोलीत प्राध्यापकांच्या शेजारी रसायनशास्त्राचे एक जुने शिक्षक बसले होते. मला पाहताच ते कप खाली ठेवून मोठ्याने म्हणाले, "या, या." मग प्राध्यापकांकडे वळून, "काय हो सर, पंचवटीत अंगारा झडला तेव्हा तुम्हाला रसायन सापडलं. आता घरच्या मूर्तीला घाम आला, तर थर्मामीटर फुटला वाटतं?"

दोघेतिघे हसले. प्राध्यापक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "थर्मामीटर आहे," ते म्हणाले. "लावूनही पाहिलाय." मग मला म्हणाले, "चला, मला एका ठिकाणी जायचंय. तुम्ही आलात तरी चालेल, पण लिहायचं नाही."

ते विहार समितीच्या अध्यक्षांकडे जात होते. अध्यक्षांना सगळी कॉलनी आबा म्हणे. सत्तरीचे, चांदवडकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला बसलेल्यांपैकी ते एक होते. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. प्राध्यापक खाटेच्या कडेला टेकले.

"आबा, ते पाणी हवेतलं आहे."

"असंल."

"मूर्ती रात्रभर गार पडते. सकाळी वाऱ्याने मेणबत्त्या विझतात म्हणून आपण दारं लावून घेतो. शंभर माणसं आत बसली की श्वासातली वाफ तिच्यावर धरते. खिडक्यांच्या काचाही ओल्या होतात, बघा कधी."

"काचा मीच पुसतो रोज. काचांचं मला नको सांगू."

आबांनी तळहातावर तंबाखू घेतली.

"तू शिकला, लय चांगलं झालं," आबा म्हणाले. "आता मला येक सांग. ह्या कॉलनीत गावातलं कोण कधी आलं व्हतं? मतं मागनारे सोड."

"कोणी नाही."

"आता येत्यात. चपला काढून येत्यात. आपल्या बायांच्या मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसत्यात. काल येक जण पानी मागून पेला. आमच्या घरचं! मी त्या मंदिरापुढं काठी खाल्ली, पर आत नाय जाता आलं. आन् आता ते आपल्या दारात आले, तर तू म्हनतो त्यानला सांगू, काय नाय बाबा, वाफ हाय, जा घरला?"

"ते थेंबासाठी येतात, आबा."

"कशासाठी का यीना. पायरी चढत्यात ना!"

"फाल्गुनात ऊन वाढलं की थेंब थांबतील. तेव्हा काय सांगायचं त्यांना?"

"फाल्गुनाचं फाल्गुनात बघू."

यावर दोघेही थोडे हसले. मग आबांचा चेहरा बदलला. "तुझं तोंड मी धरनार नाय. बोलायचं तर बोल. पर मग रविवारचा तास बंद. कमिटी तुला चावी देनार नाय. हे आत्ताच सांगून ठेवतो, मागून म्हनू नको आबा फिरला."

बाहेर आल्यावर प्राध्यापक सायकल हातात धरून बराच वेळ चालत राहिले. मुंबई सोडून ते ज्यासाठी आले होते ती गोष्ट म्हणजे तो तास. महाविद्यालयातली नोकरी त्याच्या सोयीसाठी होती. बोलले तर तास जाणार होता. गप्प राहिले तर तास राहिला असता, पण त्या तासात बसून इतरांना खरे काय ते शोधा म्हणून सांगणे त्यांना जमले नसते. हे त्यांनी मला सांगितले नाही. मला दिसत होते.

"आबांचं चूक नाही," ते शेवटी म्हणाले. "ते म्हणतात ते मी मोजू शकत नाही, एवढंच."

मी प्रतिक्रिया मागितली.

"रविवारी या. आधी तिथे बसणाऱ्यांना सांगेन, मग तुम्हाला. प्रश्न त्यांचा आहे. त्यांना उत्तर पेपरातून कळू नये."

त्या रविवारी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. दारे लावलेली होती, आत ऊब होती. वंदना संपता संपता मूर्तीचे कपाळ चमकू लागले. लोकांनी हात जोडले. प्राध्यापक मागून उठले, दार अर्धे उघडून बाहेर गेले आणि ओट्यावर रात्रभर ठेवलेला आपल्या घरचा पितळी तांब्या घेऊन आत आले. दार लावून तो त्यांनी मध्यभागी सतरंजीवर ठेवला.

"हा रिकामा आहे. आत हात घालून पाहा. आणि जरा वेळ नुसतं बघत राहा."

तांब्याची चकाकी आधी मंद झाली. मग त्यावर बारीक दव धरले, मग थेंब दिसू लागले, मग एक थेंब ओघळला.

"अगं बाई, ह्याला पन!" पुढची एक बाई म्हणाली.

"तांब्याला करुना आली!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि निम्मे विहार हसले. उरलेले निम्मे हसले नाही.

प्राध्यापकांनी तांब्या हातोहात फिरवायला दिला आणि सगळे समजावून सांगितले. रात्रीची थंडी, बंद दारे, श्वास. आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. शेवटी म्हणाले, "हे पाणी कुठून बाहेरून आलेलं नाही. आत्ता इथे बसलेल्या सगळ्यांच्या श्वासातलं आहे."

खिडकीशी बसलेल्या एका वयस्क बाईंनी हात वर केला. त्या पंचवटीत राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. दोन आठवडे रोज येत होत्या. "म्हणजे आमचाही?"

"हो बाई, तुमचाही. मूर्तीवर यांचा कुठला आणि तुमचा कुठला, हे कुठल्याही प्रयोगशाळेत वेगळं करता येणार नाही."

कॉलनीतला एक म्हातारा चिडून म्हणाला, "मग आता उरलं काय?"

"मूर्ती आहे. तुम्ही आहात. पंचशील आहे. दसऱ्याला जे जे होतं ते सगळं आहे."

एक तरुण उभा राहिला. छापखान्यात कामाला होता, प्राध्यापकांच्या तासाला वर्षानुवर्षे बसणारा. "सर, तुम्ही सांगितलं ते खरंय. पण ही एवढी माणसं आपल्याकडे पहिल्यांदाच आली होती. उद्या येणार नाहीत. यात आपल्याला काय मिळालं?"

"तुझा प्रश्न बरोबर आहे," प्राध्यापक म्हणाले. "माझ्याकडे उत्तर नाही."

आबा दाराशी उभे होते. त्यांनी दोन्ही दारे उघडली आणि लोक चपला शोधू लागले.

मी दिलेली बातमी आतल्या पानावर आठ-दहा ओळींत आली. तरुणाचे म्हणणे खरे ठरले. बाहेरची माणसे त्याच आठवड्यात थांबली. पितळ तसेच गार पडत होते, पण दार लावून बसणारी माणसे कमी झाल्यामुळे थेंबही नावापुरते राहिले. समितीची बैठक झाली आणि रविवारचा तास बंद करण्याचे ठरले. तासासाठी प्राध्यापकांकडे असलेली किल्ली आबा स्वतः येऊन घेऊन गेले. प्राध्यापकांच्या पत्नीने चहा दिला, तो त्यांनी घेतला.

पुढच्या रविवारी काय होते ते पाहण्यासाठी मी गेलो होतो. बातमी म्हणून नव्हे. प्राध्यापक वंदनेला आले, नेहमीच्या जागी बसले, सगळ्यांबरोबर उठले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. घरी गेले नाहीत. छापखान्यातला तरुण घुटमळला आणि त्यांच्या शेजारी बसला. आणखी तिघेचौघे बसले. नदीकडून वारा येत होता, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आबांनी विहाराला कुलूप घातले आणि त्यांच्यामधून वाट काढत, कोणाकडेही न बघता, खाली उतरून गेले. असे काही रविवार चालले. वाऱ्याने खोकला झाला तेव्हा प्राध्यापक मफलर गुंडाळून येऊ लागले. आवाराच्या भिंतीआड बसायचे त्यांना कोणी सुचवले. ते म्हणाले, "इथे बरं आहे. येणाऱ्याला दिसतो आपण."

एका रविवारी वंदना संपून लोक पांगत असताना फाटकाशी रिक्षा थांबली. पंचवटीच्या त्या बाई उतरल्या. अंगावर शाल होती, हातात पिशवी. मूर्तीची वेळ टळून गेली होती हे त्यांनाही ठाऊक असावे. त्यांनी पायरीवर बसलेल्यांकडे पाहिले.

"आज तास नाही का, सर?"

"आहे. इथेच आहे."

"बरं," असे म्हणून बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि पदर सावरून खालच्या पायरीवर बसल्या.

आबा नुकतेच कुलूप लावून वळले होते. ते तिथेच थांबले. "बाई, तुमी हितं? उठा, उठा. फरशी बर्फावानी हाय."

"असू दे हो. तास आहे ना."

आबांनी प्राध्यापकांकडे पाहिले. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्याकडे पाहून ते पहिल्यांदाच बोलले, आणि जोरात बोलले. "प्रोफेसर, अक्कल हाय का? पाव्हनं मानूस पायरीवर बसवनार व्हय?"

"किल्ली तुमच्याकडे आहे, आबा."

"हाय ना! मग तोंडानं सांगाया काय झालं?"

तरुण गालातल्या गालात हसला. "आबा, कमिटीला काय सांगणार?"

"कमिटीला काय सांगायचं ते मी बघंन. तू सतरंजी घाल. आन् मेनबत्ती नको लावू आता, दार उघडंच ऱ्हाऊ दे."

आम्ही सगळे आत गेलो. मूर्ती कोरडी होती. बाईंना भिंतीशी, ऊन येत होते तिथे बसवले. नियम त्यांना सांगितला गेला: उत्तर ठाऊक नसेल तोच प्रश्न. बाईंनी थोडा विचार केला.

"मग हेच विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्यात देव नाही. चमत्कार नाही, ते तर सरांनी दाखवूनच दिलं. मग तुम्ही हिच्यापुढे हात का जोडता?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि बोलायला सुरुवात केली. आबा दाराजवळून पुढे आले.

"थांब रे प्रोफेसर," ते म्हणाले. "ह्ये मला सांगू दे."

प्राध्यापक उठले, त्यांनी आपली जागा आबांना दिली आणि मागे जाऊन, भिंतीला टेकून, ऐकायला बसले.